काळी, पांढरी आणि उकिरडा : बाभुळगांवच्या निमित्तानें सूक्ष्म जीवसृष्टीचा इतिहासविचार

१. जुन्या मराठी कागदपत्रांशीं ज्यांचा परिचय आहे, त्यांस 'काळी' व 'पांढरी' हे शब्द नवीन नाहींत. काळी म्हणजे गांवची पिकाऊ जमीन, आणि पांढरी म्हणजे गांवची वस्ती व ती ज्या जागेवर वसली ती जागा. काळीवर सारा बसे, पांढरींतील कसबी लोकांवर मोहतर्फा बसे. वतनदारांचे हक्क, मान व तंटे या दोहोंवर पसरलेले असत. यामुळें दोहोंविषयीं कागद झाला, आणि तो कागद पुढें संशोधकांच्या हातीं आला. परंतु प्रत्येक गांवांत या दोहोंच्या सीमेवर आणखी एक जागा असे, तिच्याविषयीं मात्र दप्तरें बहुधा मुकीं आहेत. ती जागा म्हणजे उकिरडा. उकिरड्यास सनद नाहीं, सारा नाहीं, शिक्का नाहीं. तथापि पांढरींत माणसांनीं व गुरांनीं जें खाल्लें, त्याचा शेष काळीस परत पोंचविण्याचें काम पिढ्यान् पिढ्या याच जागेनें केलें.

आधुनिक सूक्ष्मजीवशास्त्र मातींतील व प्राण्यांच्या पोटांतील अदृश्य वस्त्यांचा अभ्यास करतें. या दोन वस्त्या परस्परांपासून तुटलेल्या नाहींत, आणि त्यांना जोडणारा दुवा उकिरडा हाच आहे, हें त्या अभ्यासावरून दिसून येतें. प्रस्तुत लेखांत यवतमाळ जिल्ह्यांतील बाभुळगांव हें स्थळ नजरेसमोर ठेवून या ज्ञानाचा इतिहास थोडक्यांत पाहण्याचा आमचा हेतु आहे. त्यांत ज्यांचें श्रेय मागें पडलें आहे, त्यांचीं नांवें शक्य तेथें पुढें आणावीं, हाही एक उद्देश आहे.

२. बाभुळगांव हें यवतमाळहून धामणगांवकडे जाणाऱ्या रस्त्यावरील तालुक्याचें ठिकाण होय. तालुक्यांतून बेंबळा नदी वाहते व पुढें वर्धेस मिळते. खडक सावंगा येथें तिच्यावर अलीकडे मोठें धरण झालें आहे. भूमि दख्खनच्या लाव्ह्यापासून झालेली, काळी व चिकण. पावसांत फुगणारी व उन्हाळ्यांत भेगाळणारी. इ. स. १८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केलें, त्यांत हा मुलूख आला. जिल्ह्याचें नांव पूर्वी वणी असें होतें. १९०५ सालीं तें यवतमाळ झालें.

अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६१ ते १८६५ या काळांत कापसाचे भाव अतोनात चढले. १८६७ सालीं लोहमार्ग नागपुरास पोंचला, आणि त्यावरील धामणगांव स्टेशन या भागाच्या कापसाचें बाहेर पडण्याचें द्वार बनलें. लायल यांनीं संपादिलेलें वऱ्हाडचें गॅझेटियर १८७० सालचें, आणि ब्राउन व रसेल यांनीं तयार केलेलें जिल्ह्याचें गॅझेटियर १९०८ सालचें. काय पिकलें, किती पिकलें व आकार किती बसला, हे या लेखनाचे मुख्य प्रश्न होते. भूमींतून जें गेलें त्याचा हिशेब सरकारास हवा होता. भूमीस परत काय मिळालें, हें विचारण्याचें त्यास तितकें कारण नव्हतें.

हा हिशेब कसा फिरला याचें एक उदाहरण येथें देतों. कापसाचा धागा बहुतेक सेल्युलोज नांवाच्या तंतुद्रव्याचा असतो. त्यांतील घटक झाड हवेंतून व पाण्यांतून घेतें. म्हणून नुसती रुई परगांवीं गेली, तर जमिनीचें नत्र व स्फुर फारसें जात नाहीं. तें जातें सरकींत. हातानें चालविण्याच्या चरकीवर गांवांतच कापूस पिंजला व वठला जाई, तोंपर्यंत सरकी गांवांत राही, बैलाच्या दावणींत पडे व शेणाच्या रूपानें पुन्हां काळीच्या वाटेस लागे. वाफेच्या शक्तीवर चालणारे सरकी काढण्याचे कारखाने बाजारपेठांतून उभे राहिल्यावर सबंध कापूस गाडींतून जाऊं लागला व सरकी व्यापाऱ्याची झाली. या फेरबदलाची नोंद व्यापाराच्या इतिहासांत कारखानदारीची वाढ म्हणून होते. भूमीच्या इतिहासांत तीच घटना एक जुनें वर्तुळ तुटल्याची खूण आहे.

३. आतां गांवाच्या नांवाकडे वळूं. बाभुळगांव हें नांव बाभळीवरून पडलें हें उघड आहे. काळ्या जमिनींत, नाल्याच्या काठीं व धुऱ्यावर बाभूळ आपोआप उगवते. तिच्या लांकडाचीं औतें व बंडीचे भाग होतात, काट्यांचें कुंपण होतें, शेंगा शेळ्यामेंढ्या खातात. नुसत्या स्थलनामावरून भूमीच्या कसाचें अनुमान काढणें संशोधकास शोभणार नाहीं. परंतु या झाडाच्या मुळांशीं जें घडतें, तें येथें सांगणें अवश्य आहे.

बाभूळ ही तूर, हरभरा, मूग यांच्याच कुळांतील. या कुळांतील बहुतेक वनस्पतींच्या मुळांवर बारीक गांठी असतात. हेलरीगेल व विलफार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनीं १८८६ ते १८८८ च्या दरम्यान असें सिद्ध केलें कीं, या गांठींच्या द्वारें झाड हवेंतील नत्र मिळवितें. १८८८ सालींच हॉलंडमधील बायरिंक यांनीं गांठींतील सूक्ष्म जीव वेगळा काढून वाढविला. झाड त्या जीवास साखर पुरवितें व तो झाडास नत्र पुरवितो. उभयतांचा हा एक प्रकारचा बटाईचा करार आहे. हिंदुस्थानांत या जीवांचा पद्धतशीर अभ्यास बिहारांतील पुसा येथील कृषिसंशोधन संस्थेंत झाला. तेथील एन. व्ही. जोशी यांचा द्विदल वनस्पतींच्या मुळांवरील गांठींतील जीवांसंबंधींचा प्रबंध १९२० सालीं सरकारी ग्रंथमालेंत प्रसिद्ध झाला. या विषयावरील या देशांतील आरंभींच्या कार्यांत त्याची गणना होते.

वऱ्हाडांत कपाशीच्या कांहीं ओळींनंतर तुरीची एक ओळ पेरण्याची व कपाशीमागून ज्वारी घेण्याची चाल जुनी आहे. शेतकऱ्यास मुळावरील गांठींतील जीवांचें नांव ठाऊक नव्हतें. पण तुरीच्या पाल्यानें व मुळानें जमीन 'उतरत' नाहीं, हें त्यानें पिढ्यान् पिढ्यांच्या पाहणीनें ओळखलें होतें. तुरीस लागणारे जीव येथील मातींत मूळचेच आहेत. याच्या उलट सोयाबीन गेल्या चार-पांच दशकांत या भागांत पसरलें. त्याच्या गांठींत वसणारी जात वेगळी असल्यामुळें तिचें विरजण बियाण्यास चोळून पेरण्याची शिफारस कृषिखात्यास करावी लागली. एक पीक आपला सोबती येथेंच शोधतें, दुसऱ्यास तो पुडींतून आणून द्यावा लागतो. पिकांच्या इतिहासांत ही गोष्ट केवळ पेऱ्याच्या आंकड्यांवरून कळत नाहीं.

४. काळीनंतर पांढरी. जुन्या वस्तीची माती पांढुरकी दिसते, कारण तींत राख, पडलेल्या भिंतींची माती व पिढ्यान् पिढ्यांचा केरकचरा मिसळलेला असतो. अशी माती शेतांत नेऊन टाकण्याची चाल दख्खनांत होती. या मातीचा दुसराही उपयोग होता, व तो लष्करी इतिहासाच्या अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. जुन्या वस्तीच्या व गोठ्यांच्या मातींतून शोरा निघे. बंदुकीच्या दारूंत सुमारें तीन चतुर्थांश भाग शोऱ्याचा असतो. तो नसेल, तर गंधक व कोळसा व्यर्थ होत.

हा शोरा मातींत येतो कोठून, याचा उलगडा बराच उशीरा झाला. १८७७ सालीं श्लोझिंग व म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं गटारांतील पाणी वाळूंतून सोडून दाखविलें कीं, त्यांतील अमोनियाचें रूपांतर शोऱ्याच्या जातीच्या क्षारांत होतें; आणि जीवनाशक वाफ दिली असतां तें थांबतें. अर्थात् हें कार्य कोणा सजीवाचें होय. १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की यांनीं ते जीव वेगळे काढले. गुरांचें मूत्र गोठ्याच्या भुईंत मुरावें, तेथील अदृश्य जीवांनीं त्याचा शोरा करावा, आणि तो शोरा तोफेंत जावा, हा क्रम लक्षांत घेतला म्हणजे किल्ल्यांच्या दारूखान्यांचा इतिहास गांवच्या गोठ्यापासून सुरू होतो, असें म्हणावें लागतें. आणि तोच शोरा तोफेंत न जातां पहिल्या पावसाबरोबर पिकाच्या मुळाशीं गेला, तर त्याचें धान्य होतें.

५. पोटांतील जीवांचा विचार करतांना प्रथम बैलाच्या पोटाचा विचार केला पाहिजे, कारण काळीशीं त्याचा संबंध अधिक निकट आहे. कडबा हा बहुतांशीं तंतुद्रव्याचा. तें द्रव्य पचविण्याचें सामर्थ्य बैलाच्या स्वतःच्या शरीरांत नाहीं. त्याच्या पहिल्या मोठ्या पोटांत हवा नसलेल्या ऊबदार जागीं असंख्य सूक्ष्म जीव राहतात; ते कडबा आंबवितात, आणि त्यांच्या उत्पन्नावर बैल जगतो. रवंथ करणारा बैल म्हणजे चालतें फिरतें आंबवण आहे. शेणांत न पचलेले तंतू असतात, तसेच या जीवांचे मृत व जिवंत अंश असतात, आणि कुजण्याचें काम पुढें चालविणारे अनेक जीवही असतात.

या शेणाचें काय होतें हा प्रश्न इंग्रजी अमदानींत एकदां फार गाजला. जॉन ऑगस्टस व्होल्कर हे रसायनज्ञ १८८९ सालीं या देशांत आले व त्यांचा अहवाल १८९३ मध्यें प्रसिद्ध झाला. हिंदी शेतकरी अडाणी व आळशी आहे, असा समज तेव्हां अंमलदारांत बराच होता. व्होल्कर यांनीं तो खोडून काढला, आणि सरासरी इंग्रज शेतकऱ्याच्या तोडीचें, कांहीं बाबतींत त्याहून सरस, कौशल्य येथील रयतेजवळ आहे असा अभिप्राय दिला. शेण जाळलें जातें तें अज्ञानामुळें नव्हे, तर दुसरें जळण मिळत नाहीं म्हणून, हें त्यांचें म्हणणें होतें. आणि त्यावर उपाय म्हणून गांवाजवळ जळणासाठीं रानें राखावीं असें त्यांनीं सुचविलें. गोवरी थापणाऱ्या बाईपुढें चूल व शेत यांतून एक निवडण्याचा प्रश्न रोज उभा असे. तिची निवड अडाणीपणाची होती असें मानणारांनीं तिच्या घरचें सरपण कधीं पाहिलें नव्हतें.

६. येथून या कथेचा धागा वऱ्हाडाबाहेर इंदुरास जातो. पण तोही वऱ्हाडच्या कापसानेंच विणलेला आहे. १९२१ सालीं हिंदी मध्यवर्ती कापूस समिति स्थापन झाली, व १९२३ च्या कायद्यानें परदेशीं जाणाऱ्या व येथील गिरण्यांत वापरल्या जाणाऱ्या कापसाच्या गांठींवर पट्टी बसविण्यांत आली. या पैशांतून समितीनें कापसाच्या संशोधनास साह्य केलें. १९२४ सालीं इंदूर येथें होळकर दरबारनें दिलेल्या जमिनीवर जी वनस्पतिसंशोधन संस्था निघाली, तिलाही हें साह्य मिळालें. बाभुळगांवचा कापूस धामणगांवाहून ज्या गांठींतून गेला, त्या गांठींचाही या संस्थेच्या खर्चांत वांटा आहे, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

संस्थेचे संचालक आल्बर्ट हॉवर्ड हे १९०५ पासून पुसा येथें वनस्पतिशास्त्रज्ञ होते. कापसाची जात सुधारून भागणार नाहीं, जमिनींतील कुजलेलें सेंद्रिय द्रव्य वाढविलें पाहिजे, असें त्यांचें मत बनलें. या मतास प्रयोगाचा पाया मिळाला तो इंदुरास. १९३१ सालीं शेतींतील टाकाऊ पदार्थ व त्यांपासून खत या विषयावरील पुस्तक ऑक्सफर्डच्या छापखान्यानें प्रसिद्ध केलें. त्यावर लेखक म्हणून दोन नांवें आहेत : आल्बर्ट हॉवर्ड व यशवंत डी. वाड. वाड हे संस्थेंतील रसायनविभागाचे मुख्य साहाय्यक होते. वाड हें आडनांव आमच्या वाचकांस गणेश चिमणाजी वाड यांनीं निवडलेल्या पेशव्यांच्या रोजनिशींमुळें परिचित आहे. इंदूरचे हे दुसरे वाड मात्र विस्मृतींत गेले आहेत. हॉवर्ड यांना पुढें जगभर सेंद्रिय शेतीचे जनक म्हणून मान मिळाला. 'इंदूर पद्धति' हे शब्द युरोप, आफ्रिका व अमेरिका येथें रूढ झाले. पण मुखपृष्ठावर छापलेलें दुसरें नांव त्या कीर्तींत क्वचितच उच्चारलें जातें.

पद्धतीचें स्वरूप असें. शेतांतील सर्व प्रकारचा पाचोळा, तण, धसकटें व गुरांच्या खालचा बिछाना एकत्र करावा. पऱ्हाटी व तुराटी यांसारखीं कठीण काडें रस्त्यावर अंथरून गाड्यांच्या चाकांखालीं चुरडून घ्यावीं. गोठ्यांतील मूत्र मुरलेली माती, लांकडाची राख व शेणाचा काला यांचे थर उथळ खड्ड्यांत द्यावे. कर्ब व नत्र यांचें प्रमाण आरंभीं सुमारें ३३ स १ असावें. आधीं चालू असलेल्या खड्ड्यांतील थोडें द्रव्य विरजणासारखें नव्या खड्ड्यांत घालावें. पहिल्या पंधरवड्यानंतर, मग महिन्यानें, मग दोन महिन्यांनीं ढीग परतावा. सुमारें तीन महिन्यांत खत तयार होतें. आरंभीं बुरशीच्या जातीचे जीव हवेच्या साह्यानें काम करतात व मागाहून जिवाणूंचें प्राबल्य होतें. खड्डा फार ओला झाला, तर हवा कोंडून दुर्गंधि सुटते व नत्र वाया जातें. म्हणून ओल व हवा यांचा मेळ राखणें हेंच या कामांतील मुख्य कौशल्य होय.

यांतील एकही पदार्थ बाभुळगांवच्या शेतकऱ्यास नवा नाहीं. पऱ्हाटी, तुराटी, शेण, राख व गोठ्याची माती हीं त्याच्या दारींच असतात. हॉवर्ड व वाड यांनीं नवें केलें तें हें कीं, या पदार्थांचें प्रमाण व कालमान मोजून ठरविलें, आणि उकिरड्यास प्रयोगशाळेची शिस्त दिली.

७. यापुढील पाऊल अधिक अवघड होतें, कारण तें माणसाच्या मलाविषयीं होतें. १९३४ सालीं संस्थेचे पुढील संचालक एफ्. के. जॅक्सन व तेच वाड यांनीं वस्तींतील मैला व केर इंदूर पद्धतीनें निर्धोकपणें कुजवून शेतीस कसा लावावा, या विषयावर पत्रक काढलें. ढिगाच्या मध्यभागीं सूक्ष्म जीवांच्या कार्यानें जी उष्णता निर्माण होते, तींत रोगाचे जंतु व माशांच्या अळ्या टिकत नाहींत; यामुळें आरोग्य व शेती हे दोन प्रश्न एकाच खड्ड्यांत सुटतात, हा त्यामागील विचार होय. पांढरीचा मल काळीस पोंचविण्याच्या शास्त्राचा हा एक महत्त्वाचा कागद आहे.

शास्त्र सांगणें एक व हात घालणें दुसरें. हें काम ज्यांच्यावर जातीनें लादलें गेलें होतें, त्यांचीं नांवें कोणत्याही पत्रकांत नाहींत. कोंकणांत कणकवली येथील गोपुरी आश्रमांत अप्पासाहेब पटवर्धन यांनीं मैल्याचें खत करणाऱ्या सोप्या संडासांचा प्रसार केला, आणि भंगीकाम हें कोणा एका जातीचें नव्हे हें स्वतः तें करून दाखविलें. हातानें मैला वाहण्याच्या प्रथेस कायद्यानें बंदी झाली ती १९९३ सालीं, व अधिक कडक कायदा २०१३ सालीं झाला. खताचा इतिहास लिहितांना हा भाग गाळला, तर तो इतिहास अर्धा राहील.

याच विषयांतील एका कालनिर्णयाकडेही वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे. मलापासून जळणारा वायु काढण्याचा हिंदुस्थानांतील पहिला प्रयोग मुंबईच्या कुष्ठरोग्यांच्या वसतिगृहांत १८५९ सालीं झाला, असें विधान जगांतील अनेक पुस्तकांत एकमेकांवरून उतरून घेतलेलें आढळतें. परंतु ज्या माटुंग्याच्या वसतिगृहाशीं हा प्रयोग निगडित आहे, तें म्युनिसिपल कमिशनर ॲक्वर्थ यांच्या प्रयत्नानें १८९० सालीं उघडलें. जें गृहच नव्हतें, त्यांत १८५९ सालीं प्रयोग होणें शक्य नाहीं. दुसऱ्या परंपरेंत १८९७ हें साल दिलेलें असतें, तें या स्थापनेशीं जुळतें व म्हणून ग्राह्य वाटतें. पुढें १९३९ च्या सुमारास दिल्लीच्या कृषिसंशोधन संस्थेंत एस्. व्ही. देसाई यांनीं शेणापासून वायु काढण्याचे प्रयोग केले, आणि त्यानंतर जशभाई पटेल यांनीं तरंगत्या टोपाचें यंत्र बनविलें. व्होल्कर यांच्या वेळचा चुलीचा व शेताचा तंटा या यंत्रानें मिटण्यासारखा होता : वायु चुलीस व उरलेला काला शेतास. हा मिथेन वायु निर्माण करणारे जीव बैलाच्या पोटांत जे असतात त्याच जातीचे होत. ते सामान्य जिवाणूंहून भिन्न असे एक स्वतंत्र कूळ आहे, हें अमेरिकेंतील कार्ल वोज यांनीं १९७७ सालीं दाखविलें.

८. आतां माणसाचें पोट. येथें संशोधनाच्या साधनांविषयीं दोन शब्द सांगणें जरूर आहे. रॉबर्ट कॉख यांच्या काळापासून, म्हणजे १८८१ पासून, जीव ओळखण्याचा मार्ग म्हणजे त्यांस घट्ट अन्नद्रव्यावर वाढविणें हा होता. जे वाढत तेवढेच मोजले जात. मातींतील बहुसंख्य जीव अशा रीतीनें वाढतच नाहींत, हें हळूहळू कळून आलें. दप्तरांत ज्यांचीं नांवें आलीं तेवढींच माणसें गांवांत राहत होतीं असें समजणाऱ्या इतिहासकाराची जी फसगत होते, तीच येथें झाली होती. वोज यांनीं ज्या अनुवंशिक खुणेवरून कुळें लाविलीं, तीच खूण वाचून न वाढणाऱ्या जीवांचीही शिरगणती करण्याची पद्धति पुढें निघाली. तेव्हां कळलें कीं, चिमूटभर सुपीक मातींत कोट्यवधि जीव व हजारों जाती असतात. आणि २०१६ सालच्या एका गणनेप्रमाणें सामान्य मनुष्याच्या शरीरांत सुमारें ३८ लाख कोटी जिवाणू असतात, ते बहुतेक मोठ्या आंतड्यांत.

या कार्यांत महाराष्ट्राचा वांटा मोठा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रांतील योगेश शौचे व त्यांचे सहकारी यांनीं २०१२ सालीं दोन एकत्र कुटुंबांतील तीन पिढ्यांच्या व्यक्तींच्या पोटांतील जीवांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच छपराखालीं राहणाऱ्या माणसांतही वयाप्रमाणें या वस्तींत भेद पडतो असें त्यांत दिसून आलें. एकत्र कुटुंब ही आपल्या समाजाची संस्था शास्त्राच्या कामीं अशी उपयोगी पडली, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. २०१६ सालीं याच मंडळींनीं हिंदी लोकांच्या पोटांत प्रेव्होटेला व मेगास्फेरा या कुळांचें आधिक्य असल्याचें दाखविलें.

प्रेव्होटेला हें कूळ धान्यांतील कोंडा व तंतु यांवर पोसतें. २०१० सालीं इटालियन संशोधकांनीं आफ्रिकेंतील बुर्किना फासो येथील खेड्यांतील मुलें व फ्लॉरेन्समधील मुलें यांची तुलना केली, तेव्हां आफ्रिकन मुलांत या कुळाचें प्राबल्य आढळलें व फ्लॉरेन्सच्या मुलांत तें नव्हतें. त्या खेड्यांतील अन्न काय होतें? बाजरी, ज्वारी व चवळीच्या जातीचें कडधान्य. वऱ्हाडी वाचकास हें ताट परकें वाटणार नाहीं. ज्वारीची भाकर व तुरीचें वरण हें बाभुळगांवाकडील पिढीजात अन्न. ज्वारीचा पेरा घटून तिची जागा सोयाबीन व कपाशी यांनीं घेतली, तेव्हां शेतांतला कडबा कमी झाला, दावणींतला चारा कमी झाला, आणि ताटांतली भाकरही कमी झाली. मातींतील वस्ती, बैलाच्या पोटांतील वस्ती व माणसाच्या पोटांतील वस्ती, या तिहींचें अन्न एकाच वेळीं पालटलें. पिकांच्या तक्त्यांत ही घटना एका रकान्यांतील आंकडा उतरला एवढ्यानेंच दिसते.

९. सांप्रतची स्थिति थोडक्यांत नमूद करून हा लेख पुरा करतों. विदर्भाच्या काळ्या जमिनींत सेंद्रिय कर्ब सामान्यतः शेंकडा एकाहूनही कमी असतो. नांगरटीस यंत्र आलें, तसे बैल कमी झाले. बैल कमी झाले, तसें शेण कमी झालें. जी पऱ्हाटी इंदूरच्या रस्त्यावर गाड्यांखालीं चुरडली जात होती, ती अनेक ठिकाणीं शेतांतच पेटविली जाते. दुसऱ्या बाजूस, अमरावती जिल्ह्यांतील बेलोरा येथील सुभाष पाळेकर यांनीं शेण, गोमूत्र, गूळ, डाळीचें पीठ व बांधावरची मूठभर माती पाण्यांत आंबवून 'जीवामृत' करण्याची रीत प्रचारांत आणिली. त्यांस २०१६ सालीं पद्मश्री मिळाली. नुसत्या या उपायानें पिकाची सर्व गरज भागते या मतावर राष्ट्रीय कृषिविज्ञान अकादमीनें २०१९ मध्यें पुरावा अपुरा असल्याचा आक्षेप घेतला, आणि तो वाद शेतावरील मोजमापानेंच मिटेल. इतिहासाच्या दृष्टीनें आम्हांस लक्षणीय वाटतें तें हें कीं, त्या मिश्रणांत गाईच्या पोटांतील जीव व बांधाच्या मातींतील जीव एकाच भांड्यांत आणले जातात. हॉवर्ड व वाड यांच्या खड्ड्यांतील विरजणामागील कल्पना याहून फार दूरची नाहीं. पांढरीचें व काळीचें हें लग्न वऱ्हाडच्या भूमीस पूर्वापार ठाऊक आहे. प्रत्येक पिढी तें आपापल्या भाषेंत पुन्हां लावते.

सारांश, गांवाचा इतिहास काळी व पांढरी यांच्या कागदांवरून पुरा होत नाहीं. त्या दोहोंमध्यें काय ये-जा होती, याचाही शोध केला पाहिजे. उकिरडे गांवाच्या कोणत्या बाजूस होते व कोणाच्या ताब्यांत होते. एका बिघ्यास खताच्या किती बंड्या पडत. मेंढ्या शेतांत बसविण्याबद्दल धनगरास काय मिळे. सरकी केव्हांपासून गांवांत उरेनाशी झाली. गोवऱ्या कोण थापी व सालदाराच्या करारांत खत वाहण्याचें काम होतें किंवा नाहीं, या गोष्टी जुन्या करारनाम्यांत, सावकारी वह्यांत व वृद्ध स्त्रीपुरुषांच्या आठवणींत अद्यापि सांपडण्यासारख्या आहेत. वह्यांस वाळवी लागते आणि आठवणी माणसांबरोबर जातात. बाभुळगांव, कळंब व आसपासच्या तालुक्यांतील जिज्ञासूंनीं आपापल्या गांवापुरती ही माहिती तारीखवार टिपून ठेवावी, आणि तीं टिपणें मंडळाकडे पाठवावीं, अशी आमची विनंति आहे.